'हात बसवून घेणे' या शब्दांबद्दल: 'सजग पालक' यांना उत्तर

'सजग पालक',

आपली प्रतिक्रिया रविवारी रात्री वाचली. दोन दिवस मुद्दाम उत्तर दिलं नाही, कारण त्या रात्री लिहिलं असतं तर नंतर पुसावं लागलं असतं.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मानसशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी किमान 6 महिने बालगृहात, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली काम करावं, त्याशिवाय त्यांना मुलांचे समुपदेशक म्हणू नये, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर आपले आक्षेप असे: आकडे जुने आहेत, 'ट्रॉमा' (मनावरचा आघात) हे परदेशी खूळ आहे, विद्यार्थी 6 महिन्यांनी निघून जातात आणि मुलं परत एकटी पडतात. आणि शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं: "गरिबांच्या पोरांवर हात बसवून घ्यायचा आणि मग शहरात दवाखाना थाटायचा, हे तुमचं प्रशिक्षण."

आधी आकड्यांचं. तिथे माझं चुकलं. निम्म्याहून अधिक मुलांनी लैंगिक छळाचा काही ना काही अनुभव सांगितला, हा आकडा केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या 2007 च्या अहवालातला आहे. 13 राज्यं, 12,447 मुलं, नेमकं प्रमाण 53.22 टक्के. लेखात साल द्यायला हवं होतं, ते राहिलं. आता घातलं आहे. लक्षात आणून दिल्याबद्दल आभार.

पण ते वाक्य. हात चपात्यांवर बसतो, शिवणयंत्रावर बसतो. मार खाऊन आलेलं मूल म्हणजे कणीक नव्हे, हे मला आपण सांगणार? मतभेद असू द्या, पण लिहिताना शब्द जरा तोलून वापरा. माझ्याबरोबर काम करणाऱ्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलींनी ते वाक्य वाचलं आहे. त्यातल्या एकीने मला रात्री अकराला फोन करून विचारलं, "ताई, आपण खरंच असं करतो का?" तिला मी काय सांगितलं ते इथे लिहिते, म्हणजे आपल्यालाही कळेल.

पहिले 4 आठवडे आमच्या विद्यार्थ्यांना मुलाला घडलेल्या प्रकाराबद्दल एक अक्षरही विचारायची परवानगी नसते. सतरंजीवर बसायचं, मणी ओवायचे, मुलं खेळतात ते बघायचं. संध्याकाळी वहीत फक्त जे दिसलं ते लिहायचं. 'मुलगा हट्टी आहे' असं लिहिलं की मी वही परत करते. 'जेवताना दोन चपात्या चड्डीच्या खिशात घातल्या आणि रात्री उशीखाली ठेवल्या' हे लिही. हट्टी, चोर, अतिचंचल अशा शिक्क्यांखाली कितीदा नुसती भीती निघते. दार जोरात आपटलं की टेबलाखाली जाणारा मुलगा वर्गात लक्ष देत नाही, यात अभ्यासाचा दोष कुठे आहे? हे ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो, आणि तो ग्रंथालयात बसून होत नाही.

मग येतं गुप्ततेचं. पुस्तकात लिहिलेलं असतं, समुपदेशनाला आलेल्याचं बोलणं गुपित ठेवा. आणि मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याचं कलम 19 म्हणतं, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवल्यास कलम 21 नुसार 6 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे मूल बोलायच्या आधीच त्याला, त्याला समजेल अशा भाषेत सांगावं लागतं की 'तू मला असं काही सांगितलंस तर मला ते आणखी काही मोठ्या माणसांना सांगावं लागेल.' हे एक वाक्य नीट उच्चारायला माझे विद्यार्थी एकमेकांसमोर बसून पंधरा-पंधरा वेळा सराव करतात. मुलांवर नाही, एकमेकांवर. आपल्याला 'हात बसवणं' बघायचंच असेल तर ते असं चालतं.

शिवाय अशा मुलाला तीच हकिगत किती जणांना सांगावी लागते, मोजलंय कधी? पोलीस, डॉक्टर, दंडाधिकारी, बालकल्याण समिती, वकील, मग कोर्ट. जबाब घेताना पोलीस गणवेशात नसावा, मुलाला साक्षीसाठी वारंवार बोलावू नये, असं कायदा म्हणतो, आणि योग्यच म्हणतो. पण कोर्टाच्या तारखेच्या आदल्या रात्री अंथरूण ओलं करणाऱ्या मुलाशेजारी कोण बसतं? प्रश्न न विचारता नुसतं बसता येणं, एवढ्यासाठी आम्ही महिनोन् महिने घालवतो.

आता माझ्याबद्दल, कारण आपण 'वातानुकूलित खोलीतून लिहिणाऱ्या बाई' असंही म्हटलं आहे. माझे वडील साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते. आमच्या चाळीसमोर ऊसतोड कामगारांचा अड्डा पडायचा. बीडकडची एक मुलगी दोन हंगाम माझ्या शेजारी शाळेत बसली, तिसऱ्या हंगामात आली ती कडेवर भाऊ घेऊन, आणि वर्गाच्या दाराशीच उभी राहिली. गरिबांची पोरं म्हणजे कोण, हे मला प्रतिक्रियेतून शिकायचं नाही.

1997 मध्ये मी एका बालगृहात रुजू झाले. एम.ए.ला पहिला वर्ग होता. पहिल्याच दिवशी 9 वर्षांच्या एका मुलीला समोरच्या खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "बाळा, घरी काय झालं ते सांग." पुढचे तीन आठवडे ती कोणाशीच बोलली नाही. पंगतीत जेवायला येईना. शेवटी तिथल्या गृहमाता मला म्हणाल्या, "ताई, आधी वेणी घालू देते का ते तरी बघायचं होतं." त्या सातवी शिकलेल्या होत्या. माझ्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात हे कुठेही नव्हतं.

आपण म्हणाल, म्हणजे तुमचाही हात त्या मुलीवरच बसला. म्हणा. त्या तीन आठवड्यांची मला आजही लाज वाटते. पण तेव्हा माझ्या मागे उभं राहून 'थांब, विचारू नकोस' म्हणणारं कोणी नव्हतं. आज माझ्या विद्यार्थ्यांमागे दर आठवड्याला, वहीच्या पानापानावर, कोणीतरी आहे. हा फरक आपल्याला दिसत नसेल तर त्याला मी काय करू?

आणि देखरेख असली की काय होतं याचा पुरावा आहे. झांबियात लुसाकामध्ये 5 ते 18 वयाच्या 257 मुलांबरोबर झालेला अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे उपचार देणारे मानसशास्त्रज्ञसुद्धा नव्हते, प्रशिक्षण दिलेले स्थानिक समुपदेशक होते. नेहमीची मदत मिळालेल्या मुलांपेक्षा या मुलांची आघाताची लक्षणं बरीच अधिक घटली. आपल्या शेजारी गोव्यात 'संगाथ' या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने प्रौढांच्या नैराश्यासाठी असेच समुपदेशक घडवले. आपण म्हणता तसा 'पूर्ण तयार' तज्ज्ञ तालुक्याला येण्याची वाट बघत बसलो तर आज बालगृहात असलेली मुलं अठरा वर्षांची होऊन बाहेर पडतील.

परदेशी खुळाबद्दल एवढंच: शब्द परदेशी आहे, भीती इथलीच आहे. विद्यार्थी 6 महिन्यांनी जातात, हा मुद्दा मोठा आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन. नेमणुका करणं माझ्या हातात नाही.

राहता राहिली आपण सांगितलेली ती आठवण. तुम्ही दर दिवाळीला फराळ वाटायला एका बालगृहात जाता आणि तिथल्या एका मुलीने तुम्हाला विचारलं, "ही नवी ताई किती दिवसांची?" एका मुलीचं बोलणं तुम्ही असं चारचौघांत छापलंत, तेही तालुक्याच्या नावासकट. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 मध्ये अशा मुलांची ओळख उघड करायला बंदी आहे. नाव लिहिलं नाही म्हणून ओळख पटत नाही असं लहान गावात नसतं. सजग म्हणवून घेता, तर एवढी सजगता अपेक्षित होती. आणि वर्षातून एकदा, चिवड्याची पाकिटं घेऊन जाणाऱ्याने सहा महिने रोज जाणाऱ्यांना जाब विचारावा, हेही मला पटलेलं नाही.

तालुक्याचं नाव मी तुमच्या प्रतिक्रियेतून काढलं आहे. बाकी शब्द न् शब्द तसाच ठेवला आहे, ते वाक्यसुद्धा. त्या मुलीला आता तिथे कोणी भेटतं का, एवढं मला खाजगीत कळवा.