मुहिका आणि त्यांची निळी बीटल

उरुग्वेचे माजी राष्ट्राध्यक्ष होसे मुहिका, म्हणजे इथल्या सगळ्यांचे 'पेपे', १३ मे २०२५ रोजी गेले. नव्वदी गाठायला एक आठवडा कमी पडला. त्या दिवशी उरुग्वेचं नावही एरवी ज्यांच्या तोंडी नसतं, अशा आमच्या समस्त नातेवाईकांनी मला इथे राजधानी मोंटेव्हिडिओत मेसेज केले. सगळ्यांचा मजकूर एकच: जगातला सर्वांत गरीब राष्ट्राध्यक्ष, नव्वद टक्के पगार दान, १९८७ची निळी फोक्सवॅगन बीटल, तीन पायांची कुत्री, पत्र्याचं घर. आणि शेवटी, 'आपल्याकडे असा नेता कधी होणार?'

यातलं बहुतेक खरं आहे. शहराच्या पश्चिम टोकाला रिंकोन देल सेर्रो भागात त्यांचं छोटं शेत होतं. तिथे ते आणि त्यांच्या पत्नी लुसिया टोपोलान्स्की शेवंती आणि इतर फुलं पिकवून विकायचे. सरकारी निवासस्थानात ते राहायला गेलेच नाहीत. मात्र 'गरीब' हे बिरूद त्यांना पसंत नव्हतं. ज्याला खूप लागतं तो गरीब, मला थोडं पुरतं, असं ते मुलाखतींत पुन्हा पुन्हा सांगत. कमी गरजा म्हणजे स्वतःसाठी जास्त वेळ, हा त्यांचा रोकडा हिशेब होता. त्यात त्यागबिग काही नव्हता.

इथे राहिल्यावर एक गोष्ट लक्षात येते. बाहेरच्या जगाला भुरळ घालणाऱ्या या साधेपणाचं इथल्या लोकांना फारसं अप्रूप नाही. देश जेमतेम ३५ लाखांचा. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून माणसं याहून जास्त. माजी राष्ट्राध्यक्ष दुकानात दिसला तर लोक फार तर मान डोलावतात. मुहिकांच्या आधीचे (आणि नंतरचेही) राष्ट्राध्यक्ष तबारे व्हास्केस कॅन्सरचे डॉक्टर होते आणि पहिल्या कारकिर्दीत पदावर असतानाही पेशंट तपासत. त्यांच्यावर कोणी फॉरवर्ड बनवला नाही. बीटल नव्हती ना.

इथे पेपेंवर वाद होतो तो वेगळ्याच गोष्टींवर. आमच्या इमारतीतल्या एक आजी आयुष्यभर मुहिकांच्या विरोधातल्या ब्लांको पक्षाला मत देत आल्या आहेत. बगलेत थर्मास आणि हातात 'माते' नावाच्या इथल्या चहासारख्या पेयाचा पेला घेऊन त्या लिफ्टपाशी उभ्या राहतात आणि 'प्लुना' हा शब्द असा काही उच्चारतात की आपल्याकडे कोणी बुडालेल्या सहकारी बँकेचं नाव घ्यावं. प्लुना ही देशाची विमान कंपनी. मुहिकांच्या काळात, २०१२ साली, ती बंद पडली. विमानांचा लिलाव निघाला, बोली लावायला भलत्याच नावाने एक गृहस्थ हजर झाले आणि त्या बोलीमागे सरकारी बँकेची हमी असल्याचं उघड झालं. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१३च्या अखेरीस अर्थमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला.

दुसरा वाद शिक्षणाचा. राष्ट्राध्यक्ष म्हणून १ मार्च २०१०च्या पहिल्या भाषणात त्यांनी 'शिक्षण, शिक्षण, शिक्षण' असा धोशा लावला होता. राजधानीबाहेरच्या मुलांसाठी तंत्रविद्यापीठ त्यांच्याच काळात निघालं, ते श्रेय त्यांचंच. पण माध्यमिक शाळा अर्धवट सोडणारी मुलं हे देशाचं दुखणं तेव्हाही होतं, आजही आहे. शिक्षक संघटनांपुढे पेपेंचं काही चाललं नाही, असं त्यांना मत देणारे माझे सहकारीही बोलून दाखवतात.

तिसरी गोष्ट मला स्वतःला खटकते. २०१२मध्ये पराग्वेच्या संसदेने आपल्या राष्ट्राध्यक्षांना घाईघाईत हटवलं. शेजारच्या देशांनी पराग्वेला मेर्कोसुर या व्यापारी गटातून निलंबित केलं आणि त्याच बैठकीत, इतके दिवस पराग्वेने अडवलेला व्हेनेझुएलाचा प्रवेश उरकून घेतला. त्यावर मुहिका म्हणाले की इथे राजकीय बाब कायदेशीर बाबीपेक्षा वरचढ ठरली. त्यांचे उपराष्ट्राध्यक्ष दानिलो अस्तोरी यांनी या निर्णयावर जाहीर टीका केली, आणि मुहिकांचं ते वाक्य विरोधक आजही त्यांच्या नावावर मांडतात. २०२२पासून पक्ष कोणाचा, चिन्ह कोणाचं यावर घरोघरी घटनातज्ज्ञ झालेल्या मराठी माणसाला हे वाक्य कसं वाटेल? साध्या कपड्यांतला माणूस बोलला म्हणून ते गोड होत नाही.

आता भूतकाळ. फॉरवर्डमध्ये 'हुकूमशाहीविरुद्ध लढले' असं सरसकट लिहिलेलं असतं. तुपामारो, म्हणजे मुहिकांच्या डाव्या गनिमी संघटनेच्या लोकांनी, बंदुका उचलल्या त्या साठच्या दशकात, निवडून आलेल्या सरकारविरुद्ध. लष्करी सत्ता आली जून १९७३मध्ये; तोवर त्यांची संघटना मोडली होती आणि मुहिका तुरुंगात होते. १९७०मध्ये त्यांना सहा गोळ्या लागल्या होत्या. सप्टेंबर १९७१मध्ये पुंता कार्रेतासच्या तुरुंगातून भुयार खणून शंभरावर कैदी पळाले, त्यांत तेही होते. आज तिथे मॉल आहे. तुरुंगाचं जुनं प्रवेशद्वार तसंच ठेवलंय आणि त्या परिसरात आम्ही मुलांचे बूट घ्यायला जातो. पुन्हा पकडल्यावर मात्र लष्कराने त्यांना आणि आणखी आठ जणांना ओलीस म्हणून बराकीबराकींतून एकांतात फिरवलं. सुटका झाली ती थेट १९८५मध्ये, लोकशाही परतल्यावर.

इतकं सोसूनही म्हाताऱ्या लष्करी अधिकाऱ्यांना तुरुंगात सडवायची त्यांना इच्छा नव्हती. बाहेरच्यांना हे मनाचं मोठेपण वाटतं. लष्करी राजवटीत इथे बेपत्ता झालेल्या माणसांच्या घरच्यांना तसं वाटत नाही. दरवर्षी २० मे रोजी १८ दे हुलियो रस्त्यावरून मूक मोर्चा निघतो. हातात फोटो, घोषणा नाहीत, हजारो माणसांच्या फक्त पावलांचा आवाज. शेवटी एकेक नाव पुकारलं जातं आणि गर्दी 'हजर' म्हणून उत्तर देते. योगायोग असा की २० मे हा मुहिकांचा जन्मदिवस. त्यांना निरोप देणारी प्रचंड गर्दी ज्या रस्त्याने पाहिली, त्याच रस्त्यावर आठवड्याच्या आत हा मोर्चा निघाला. दोन्हीकडे गेलेली माणसं मला माहीत आहेत. आमच्या पेपेंनी आमची माणसं शोधायला लष्करावर पुरेसा जोर लावला नाही, हे ती डोळे पुसता पुसता सांगतात.

साधेपणाची आरती सुरू झाली की हे सगळं ऐकू येईनासं होतं. दोषच नव्हे, कामही. त्यांच्या सरकारच्या सुरुवातीला सर्व पक्षांनी मिळून ऊर्जाधोरणावर सह्या केल्या, पवनचक्क्या उभ्या राहिल्या, आणि आज या देशाची नव्वद टक्क्यांच्या वर वीज वारा, पाणी, ऊन आणि जैवइंधनातून येते. विजेच्या बिलावर बोलणाऱ्या महाराष्ट्राला खरं तर यात रस असायला हवा. पण पवनचक्कीच्या फोटोला कोण लाइक देतो?

हे फक्त परक्यांच्या बाबतीतच होतं असं नाही. सांगोल्यातून ११ वेळा निवडून आलेल्या गणपतराव देशमुखांचं नाव निघालं की आपण एसटीच्या प्रवासावर थांबतो. दुष्काळी तालुक्यांना कृष्णेचं पाणी मिळावं म्हणून नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदांतून त्यांनी जो रेटा लावला, तो किती जणांना ठाऊक आहे? लोकांनी ११ वेळा निवडून दिलं ते एसटीत बसतात म्हणून खासच नव्हे. त्यातून पुढाऱ्यांना एक सोयीची वाटही सापडली आहे: निवडणूक आली की चहाच्या टपरीवर बसायचं, बुलेटवर फेरी मारायची, फोटो काढायचा.

मला मुहिकांचं नवल वाटतं ते वेगळ्याच ठिकाणी. २० ऑक्टोबर २०२० रोजी त्यांनी सेनेटचा राजीनामा दिला. त्याच दिवशी, त्याच सभागृहात कोलोरादो पक्षाचे हुलिओ मारिया सांगिनेत्ती यांनीही दिला. तुपामारो पकडले जात होते त्या १९७२ सालच्या सरकारात सांगिनेत्ती मंत्री होते; १९८५मध्ये मुहिका सुटले तेव्हा राष्ट्राध्यक्षही तेच होते. दोघांनी एकमेकांना मिठी मारली, मतभेद होते तसेच ठेवून.

घराणेशाही इथे नाही असं नाही. २००९मध्ये मुहिकांनी ज्या लाकाये यांना हरवलं, त्यांचेच चिरंजीव लाकाये पोऊ २०२०मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. पण १ जानेवारी २०२३ रोजी ब्राझीलमध्ये लुला यांच्या शपथविधीला जाताना या उजव्या राष्ट्राध्यक्षांनी मुहिका आणि सांगिनेत्ती दोघांनाही बरोबर नेलं. लुला डावे, म्हणजे मुहिकांचे मित्र, लाकाये पोऊंचे नव्हेत. आपल्याकडे शपथविधीला विरोधी पक्षनेता येणार की नाही, आला तर त्याला कितव्या रांगेत बसवणार, यावर चॅनेलांचे दोन दिवस निघतात.