उंच मुलाला ‘कणखर’ करण्याविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

उंच आणि शांत स्वभावाच्या मुलांसाठी खेळ निवडण्याविषयीच्या माझ्या लेखात मी व्हॉलीबॉल, उंच उडी, बॅडमिंटन आणि रोइंग (नाव वल्हवण्याची शर्यत) हे खेळ सुचवले होते आणि बास्केटबॉल जाणीवपूर्वक मागे ठेवला होता. त्यावर आपले म्हणणे असे, की रोइंग सामान्य पुणेकराच्या आवाक्यात नाही, बॅडमिंटनचे कोर्ट महाग आणि लांब पडते आणि मुलींचा विचार मी केलेलाच नाही. शेवटी आपण लिहिता, ‘‘मऊ मुलाला बास्केटबॉलच्या कोर्टावर चार धक्के खाऊ द्या, आपोआप कणखर होईल. तुम्ही त्याला लपायला जागा शोधून देत आहात.’’

हे शेवटचे वाक्य वाचून मला राग आला आणि तो झाकून ठेवण्याचे मला कारण दिसत नाही. एका आईने आपल्या बारा वर्षांच्या मुलाविषयी विचारलेल्या प्रश्नावरून तो लेख लिहिला होता, हे लेखाच्या आरंभीच नमूद आहे. ती आई आपली प्रतिक्रियाही वाचणार, याचा विचार आपण केला नाही. ज्या मुलाला आपण कधी पाहिलेले नाही, त्याच्याविषयी असा निकाल देऊन मोकळे होणे ही मतभेद मांडण्याची रीत नव्हे.

आपल्या वाक्यामागची समजूत मी पुण्यातल्या मैदानांवर वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. उंची दिसली, की माणसे मुलाचे वय विसरतात. बारा वर्षांचा मुलगा पंधराचा दिसतो, म्हणून त्याने पंधराव्या वर्षाच्या ताकदीने खेळावे, रडू नये, मागे हटू नये अशी अपेक्षा केली जाते आणि तो तसे वागला नाही, की त्याला मऊ म्हटले जाते. मुलींची उंची साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी आणि मुलांची तेराव्या-चौदाव्या वर्षी सर्वांत वेगाने वाढते. या काळात मुलगा वर्षाला आठ ते दहा सेंटिमीटरही वाढू शकतो. हाडे आधी लांबतात, स्नायूंची ताकद आणि हालचालींवरचा ताबा मागून येतो, आणि मधल्या काळात मूल स्वतःच्याच पायांत अडखळते. काहींच्या गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाशी दुखरा उंचवटा येतो; डॉक्टर त्याला ऑसगुड-श्लाटर म्हणतात, आणि धावण्याने व उड्यांनी ते दुखणे वाढते. हे व्हॉलीबॉल आणि उंच उडीलाही लागू आहे, म्हणूनच त्या वयात उड्यांचा सराव मोजून-मापून घ्यावा असे मी लिहिले होते. आपण लेख शेवटपर्यंत वाचलेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता धक्क्यांविषयी. नियमाप्रमाणे बास्केटबॉलमध्ये धक्का देणे हा फाउल आहे, हे मला ठाऊक आहे. परंतु रिंग ३.०५ मीटरवर असते, त्यामुळे संघातल्या सर्वांत उंच मुलाला प्रशिक्षक डोळे मिटून रिंगखाली उभे करतात, आणि तिथे रिबाउंड, म्हणजे हुकून परत आलेला चेंडू, मिळवण्यासाठी प्रतिस्पर्ध्याला पाठीने आणि कमरेने रोखून धरणे हा खेळाचाच भाग असतो. उंच मुलाला रिंगपासून दूर उभे करून ड्रिबलिंग (चेंडू आपटत नेणे) आणि पासिंग शिकवणारे प्रशिक्षक मी फार थोडे पाहिले. ज्या मुलाला दुसऱ्याला कोपर लागले की खेळ सोडून ‘लागलं का रे?’ असे विचारावेसे वाटते, त्याला नेमकी तीच जागा देणे मला क्रूरपणाचे वाटते.

हे मी पुस्तकातून घेतलेले नाही. शाळेत वर्गात सर्वांत उंच मीच होतो आणि आमच्या प्रशिक्षकांनी मला रिंगखाली उभे करताना जवळजवळ आपलेच शब्द वापरले होते. मी धक्के खाल्ले आणि त्यातून शिकलो ते एवढेच, की सरावाच्या दिवशी पोट दुखते असे सांगितले की घरी राहता येते. पुढे कॉलेजात व्हॉलीबॉल मिळाला. नेटच्या पलीकडून स्मॅश येत असताना हात ताणून ब्लॉकला उडी घ्यायला धैर्य लागत नाही असे ज्याला वाटते, त्याने एकदा तिथे उभे राहून पाहावे. माझा स्वभाव तोच राहिला होता, पण कोणाला ढकलावे लागत नव्हते म्हणून मी खेळत राहिलो, टिकलो आणि संघात आलो.

लपायच्या जागेविषयीही बोलू. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातले दत्तू भोकनळ विहिरी खणण्याचे काम करत होते. लष्करात गेल्यावर ते पुण्यात रोइंग शिकले, २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये (एकट्याने वल्हवण्याच्या शर्यतीत) तेरावे आले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत क्वाड्रुपल स्कल्सच्या (चौघांच्या शर्यतीच्या) सुवर्णपदक विजेत्या संघात होते. दोन हजार मीटर वल्हवताना कोणी कोणाच्या अंगाला हात लावत नाही. तेजस्विन शंकर यांनी २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत उंच उडीत २.२२ मीटर उडी घेऊन कांस्यपदक मिळवले, तेव्हा त्यांच्यासमोर फक्त आडवी दांडी होती. टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनच्या पुरुष एकेरीचे सुवर्ण जिंकलेले व्हिक्टर ॲक्सेलसेन १.९४ मीटर उंच आहेत आणि त्यांचा प्रतिस्पर्धी कायम नेटच्या पलीकडे असतो. या तिघांना आपण मऊ म्हणणार असाल, तर आपल्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही.

मुलींचा मुद्दा मी मान्य करतो. व्हॉलीबॉलच्या नेटची उंची देताना मी पुरुषांची २.४३ मीटर एवढीच दिली, महिलांची २.२४ मीटरही द्यायला हवी होती. बाकी सर्व विवेचन मुलींनाही जसेच्या तसे लागू पडते.

खर्चाचे आणि अंतराचे आपले आक्षेप त्या लेखाच्या कक्षेत येत नाहीत. स्वभावाला कोणता खेळ मानवेल हा प्रश्न आधीचा आहे, आणि माझा लेख तेवढ्यापुरताच होता. कोथरूडहून बालेवाडीच्या क्रीडासंकुलात मुलाला रोज कोण नेणार, हे प्रत्येक घराने आपापले ठरवायचे असते.

महिलांच्या नेटची उंची मूळ लेखात आजच घातली आहे. बास्केटबॉलविषयीचा परिच्छेद मात्र आहे तसाच राहील.