भिडेचा हप्ता

भीड ही भिकेची बहीण, असं जुनी माणसं म्हणायची. त्यांना गृहकर्ज काढावं लागत नव्हतं, म्हणून असं फटकळ बोलणं परवडायचं. आता भीड हा मध्यमवर्गीयाचा दागिना आहे आणि त्याचा भावही निघालाय. आमच्या बाबतीत तो तीस लाखांच्या कर्जाला चिकटवलेल्या विम्यापोटी एक लाख बारा हजार रुपये निघाला. (भिडे आडनावाच्या वाचकांनी शीर्षक मनाला लावून घेऊ नये. कर्ज काढलं असेल तर मात्र जरूर लावून घ्यावं.)

तुम्हीही कर्ज काढायला निघाला असाल तर भीड आठवणीने बरोबर घ्या. पॅनकार्ड विसरलं तर उद्या नेऊन देता येतं. भीड विसरलात तर सगळाच व्यवहार बिघडतो.

मार्चचा शेवटचा आठवडा गाठलात तर उत्तम. त्या दिवसांत शाखेतली माणसं फार प्रेमळ होतात. तुम्हाला रांगेतून उचलून काचेच्या केबिनमध्ये बसवतात, कागदी कपातून चहा येतो आणि समोर तुमच्या भाच्याच्या वयाचा, टाय लावलेला एक मुलगा येऊन बसतो. त्याच्याकडे कागदांचा हा एवढा गठ्ठा असतो आणि जिथे जिथे सही हवी तिथे तिथे त्याने पेन्सिलीने फुल्या मारून ठेवलेल्या असतात. "सर, इथे. इथे. आणि इथे मॅडम." तुम्ही सह्या करत सुटायचं. मध्येच कुठेतरी कागदाचा रंग बदलतो आणि वर बँकेऐवजी विमा कंपनीचं नाव येतं. इथे पेन अडखळू द्यायचं नाही. अडखळलंच तर तो म्हणेल, "काही नाही सर, फॉर्मॅलिटी."

"हे सक्तीचं आहे का?" असं विचारायचा मोह होईल. उत्तर ठरलेलं आहे: "कंपल्सरी असं नाही सर, पण त्याशिवाय फाइल सिस्टीममध्ये पुढेच जात नाही." या वाक्याची कारागिरी बघा. बँकेमार्फत विमा घ्यायचा की नाही ही ग्राहकाची मर्जी, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. पहिल्या चार शब्दांत तो नियम पाळून होतो आणि पुढच्या सात शब्दांत विमा विकून होतो. सिस्टीम ही हल्लीची जागृत देवता आहे. नैवेद्याशिवाय ती हलत नाही, आणि तिला कोणी पाहिलेलंही नाही.

तरीही तुम्ही घुटमळलात, तर तो मुलगा तुमच्या बायकोकडे बघून आवाज खाली आणतो. "देव न करो सर, पण उद्या काही झालं, तर मॅडमवर बोजा नको." आता बोला! यापुढे नाही म्हणणारा माणूस चिकट तर ठरतोच, शिवाय बायकोच्या जिवावर उठलेलाही ठरतो. मॅडम भिंतीवरच्या व्याजदरांच्या पाटीकडे बघत असतात. तुम्ही सही करता.

सहीनंतर तब्येतीचे प्रश्न येतात. ते टॅबवर असतात आणि तो मुलगाच भराभर "नाही, नाही, नाही" असं टिचक्या मारत जातो. शर्टाच्या खिशात बीपीच्या गोळ्यांची पट्टी असेल तर उगाच प्रामाणिकपणा करायला जाऊ नका. मी गेलो होतो. तो काळजीने म्हणाला, "ते नको लिहायला सर, मग मेडिकल लागेल, उगाच डिले होईल." किती आपुलकी! पुढे कधी क्लेम करायची वेळ आली की विमा कंपनीला हीच गोळी बरोब्बर सापडते आणि "माहिती लपवली" या सदरात क्लेम निकालात निघतो. पण त्या वेळी तुम्ही नसता, त्यामुळे तुम्हाला त्याचा त्रास नाही.

पैशांचं म्हणाल तर तेही अंगाला लागू देत नाहीत. एक लाख बारा हजार रोख मागितले असते तर तुम्ही खुर्चीतून उठला असता. म्हणून ते कर्जातच मिळवतात. नऊ टक्क्यांनी वीस वर्षांत त्या रकमेचा हप्ता महिन्याला हजार रुपयांच्या आसपास बसतो. हजार रुपये म्हणजे काय हो, दोघांनी एकदा बाहेर जेवायचं. वीस वर्षांनी बेरीज दोन लाख एकेचाळीस हजारांच्या वर जाते, पण वीस वर्षांनी कोण बेरीज करतंय?

खरा कलावंत मात्र आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराला भेटला. दुकान वाढवायला त्यांनी कर्ज काढलं आणि त्याबरोबर त्यांना "नोकरी गेल्यास हप्ते भरू" असा विमा मिळाला. माणूस तीस वर्षं स्वतःच्या गल्ल्यावर बसलेला. या कलमाचा लाभ घ्यायचा तर त्यांनी दुकानाच्या लेटरहेडवर स्वतःच स्वतःला काढून टाकल्याचं पत्र द्यायला हवं. तेही राजीनामा म्हणून नको, राजीनामा चालत नाही. कामात कुचराई केली म्हणून काढलं, हेही चालत नाही. अटी मी वाचल्या. चालतं असं फारसं काही सापडलं नाही.

क्रेडिट कार्डवाल्यांची पद्धत त्याहून सुटसुटीत. दुपारी जेवून जरा डोळा लागला की फोन येतो. कार्ड हरवलं, चोरीला गेलं, तर संरक्षण. पहिला महिना फुकट. "सर, सिर्फ कन्फर्मेशन के लिए 'यस' बोलिए, कॉल रेकॉर्ड हो रहा है." झोपेतला माणूस स्वभावतःच होकारार्थी असतो. पुढे दर वर्षी स्टेटमेंटमध्ये एक ओळ उगवते, नाव एवढं आखूड केलेलं की ते पेट्रोल पंपाचंही वाटावं.

आता काही आगाऊ लोक ब्रिटनचा दाखला देतात. देऊ देत. तिकडे बँकांनी नव्वदच्या दशकापासून कर्जांना आणि कार्डांना पीपीआय नावाचा असाच विमा चिकटवला. स्वतःचा धंदा असणाऱ्यांना विकला, ज्यांना क्लेम मिळणं मुळातच शक्य नव्हतं त्यांनाही विकला. २००५ मध्ये सिटिझन्स ॲडव्हाइस या संस्थेने त्याविरुद्ध औपचारिक तक्रार केली. बँका कोर्टात गेल्या आणि २०११ मध्ये हरल्या. एका बाईंनी ३४ हजार पौंडांचं कर्ज घेतलं होतं, वर ५,७८० पौंडांचा विमा. त्यातला सुमारे ७२ टक्के भाग निव्वळ कमिशन होता, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. एवढं लपवणं अन्यायाचं आहे, असं २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. शेवटी तिथल्या वित्तीय नियामक संस्थेनेच जाहिरात केली. त्यात आर्नोल्ड श्वार्झनेगरचं यांत्रिक मुंडकं लोकांवर ओरडायचं, "काय ते ठरवा, २९ ऑगस्ट २०१९ च्या आत अर्ज करा." २०११ पासून बँकांनी अडतीस अब्ज पौंडांहून जास्त परत केले.

शोभतं का हे? वीस वर्षांपूर्वीची पावती जपून ठेवायची आणि दिल्या पैशाला परत हात पसरायचा! ज्या देशाने कोहिनूर परत दिला नाही, त्या देशातल्या लोकांकडून दुसरी अपेक्षा नव्हती. आपल्याकडे कमिशन किती म्हणून विचारणं हे दुसऱ्याच्या लग्नात आहेर मोजण्यासारखं आहे. बरं, नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईत बँकवाल्यांच्याच कार्यक्रमात अर्थमंत्री निर्मला सीतारामन बोलून गेल्या, की असा विमा गळ्यात मारल्याने लोकांना कर्ज महाग पडतं. त्या बोलल्या. त्यानंतरचा मार्चही पार पडला.

आपल्याकडे पैसे परत मिळण्याच्या वाटा नाहीत असं नाही, पण त्या नीट ओळखून ठेवा, म्हणजे चुकून पाय पडायचा नाही. ऑक्टोबर २०२४ पासून घर, गाडी अशा वैयक्तिक कर्जांबरोबर 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा कागद द्यावाच लागतो. बँक विमा कंपनीच्या वतीने जे पैसे कापते तेही त्यात दाखवावे लागतात आणि ते धरून वर्षाचा खरा दर काढावा लागतो. त्यात नसलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. या कागदावर इतर कागदांसारखीच सही करा आणि तो गठ्ठ्याच्या तळाशी सरकवा.

दुसरी वाट 'फ्री लूक'ची. पॉलिसी हातात पडल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते. स्टॅम्प ड्युटी, तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांचं जोखमीचं मूल्य कापून बाकीचे पैसे मिळतात. २०२४ मध्ये ही मुदत सरसकट तीस दिवसांची केली, तेव्हा आमच्यासारख्या भिडस्तांच्या पोटात गोळाच आला. पण घाबरू नका. छापील पॉलिसी तुमच्या जुन्या भाड्याच्या घरी जाते, जे सोडायलाच तर तुम्ही कर्ज काढलेलं असतं. पीडीएफ मेलमध्ये 'प्रमोशन्स'च्या ढिगात पडते, साड्यांचा सेल आणि पिझ्झाच्या कूपनच्या मधोमध. उघडायला नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख लागते. महिना सहज निघून जातो.

तक्रार करायचीच झाली तर तोंडी करा. उन्हात शाखेत जा, त्या मुलाला शोधा (त्याची बदली झालेली असते), नव्या मुलाला पहिल्यापासून सगळं सांगा, तो "बघतो सर" म्हणाला की समाधानाने घरी या. लेखी काही देऊ नका. दिलंच, तर पोच घेऊ नका. कारण एकदा का बँकेला लेखी तक्रार गेली आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, आणि तिथे एक पैसाही लागत नाही. १४४४८ ला फोन केला तर वाटही दाखवतात. विमा कंपनीविरुद्ध विमा भरोसा पोर्टल आहे, विमा लोकपाल आहे. त्याची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत, आणि तिथे वकील लागत नाही. विमा कंपनीने नकार दिल्यापासून वर्षभरात जावं लागतं, तेव्हा एक वर्ष आणि एक आठवडा थांबलात की जबाबदारीतून मोकळे. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, हे कोणाला कळलं तर बिचाऱ्या वकिलांचं काय होईल?

त्यापेक्षा पैसे परत मिळवून देणाऱ्या माणसांवर विश्वास ठेवा. ती स्वतःहून फोन करतात. "विमा नियामक कार्यालयातून बोलतोय, तुमच्या पॉलिसीचा बोनस अडकलाय." आवाजात सरकारी कंटाळा असतो, त्यामुळे खरं वाटतं. खरी विमा नियामक संस्था, म्हणजे आयआरडीएआय, वारंवार सांगते की आम्ही कोणाला बोनससाठी फोन करत नाही आणि पॉलिसीही विकत नाही. पण असं सांगायला ती तुम्हाला कधी फोन करते का? हा माणूस करतो. अडकलेला बोनस सोडवायचा तर आधी फाइल चार्ज भरा, नाहीतर एक छोटी नवी पॉलिसी घ्या. म्हणजे नको असलेल्या पहिल्या विम्याचे पैसे सुटावेत म्हणून नको असलेला दुसरा विमा. आमच्या सोसायटीतले एक निवृत्त गृहस्थ अशा चौथ्या पॉलिसीवर आहेत. बोनस आता अगदी टेबलावर आलाय म्हणतात.

इतकं सांगितल्यावर एक कबुली द्यायला हवी. हे सगळं मला स्वतःला जमलं नाही. सव्विसाव्या दिवशी आमच्या हिला मेलमध्ये वीजबिल शोधताना ती पीडीएफ दिसली. तिने उघडली. तिसऱ्या पानापर्यंत वाचली, हे तिच्या स्वभावाला धरूनच झालं.

"आपलं कर्ज किती वर्षांचं?"

"वीस."

"विमा दहा वर्षांचा आहे. अकराव्या वर्षापासून तू अमर होणार आहेस का?"

मी म्हटलं, जाऊ दे, तो मुलगा चांगला होता. तेवढ्यात त्या चांगल्या मुलाचाच फोन आला, कारण हिने शाखेत विचारणा केली होती. "सर, या महिन्यात कॅन्सल झालं तर माझं टार्गेट जातं. पुढच्या महिन्यात मी स्वतः कॅन्सल करून देतो ना." पुढच्या महिन्यात तीस दिवस उलटलेले असणार, हे त्याला माहीत होतं, मलाही माहीत होतं. तरी मी "बरं, बघू" म्हटलं. हिने फोन माझ्या हातातून घेतला नाही, नुसती लॅपटॉपकडे वळली. विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याचा पत्ता पॉलिसीच्या अगदी शेवटच्या पानावर होता. त्याला चार ओळींचा मेल गेला, बँकेला प्रत, पोच मागवली. अठ्ठाविसावा दिवस.

पैसे आले. हातात नाही, कर्जखात्यात जमा झाले, किरकोळ कापून. मग वेगळा टर्म इन्शुरन्स घेतला, मुदत कर्जाइतकी. त्यात बीपी लिहिलं, मेडिकल झाली, हप्ता थोडा चढा बसला. गोळ्यांची पट्टी आता उजळ माथ्याने टेबलावर असते.

एवढं करून मिळवलं काय? त्या शाखेत गेलो की तो मुलगा मान खाली घालतो. मीही घालतो. चहा विचारत नाहीत. आणि दर डिसेंबरला बँकेचं कॅलेंडर न मागता मिळायचं, ते यंदा संपलं म्हणाले. मागच्या टेबलावर रबर लावलेल्या दहाबारा गुंडाळ्या मला दिसत होत्या, पण भीड पडली, काही बोललो नाही. येताना कोपऱ्यावरून विकत घेऊन आलो.