उंदराचा अटॅक 'खोटा', म्हणून गोळ्या बंद?

जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. 'प्रयोगशाळेत उंदरांना तेल पाजून अटॅक आणतात. नाही आला की भूल न देता छाती फाडून नस बांधतात. नस बांधून आणलेला अटॅक खोटा, म्हणून त्यावरून काढलेली औषधंही खोटी. गोळ्या बंद करा.' हे वाचून यावलच्या माझ्या मामांनी अ‍ॅस्पिरिन बाजूला ठेवली. त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी बारीक जाळी) आहे.

तेलाचं आधी. साध्या उंदराला कितीही चरबी चारा, हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन अटॅक सहसा येतच नाही. त्याच्या रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल असतं. म्हणून तर शस्त्रक्रिया करावी लागते.

'भूल न देता' हे तर शक्यच नाही. 25 ग्रॅमचा जीव, मिनिटाला 500-600 ठोके. आयसोफ्लुरेनची भूल देतात, श्वासनलिकेत नळी घालून यंत्राने श्वास चालू ठेवतात, कारण छाती उघडली की फुप्फुस मिटतं. मग डाव्या बरगड्यांमधून आत शिरून, सूक्ष्मदर्शकाखाली, हृदयाच्या डाव्या पुढच्या रक्तवाहिनीखालून केसाहून बारीक, 8-0 मापाचा धागा ओवतात. गाठ आवळताच खालचा भाग पांढराफटक पडतो, ईसीजीच्या रेषेतला 'एसटी' हा भाग वर चढतो, ही अटॅकची खूण. जागा उंदीर हे करू देईल का? 2010 मध्ये आलेल्या एका पद्धतीत यंत्राचा श्वास लागत नाही, पण भूल त्यातही असतेच. शिवाय आपल्याकडे 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने अशा प्रयोगांवर बंधनं आहेत आणि संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी लागते.

आता 'खोटा अटॅक'. रावेरकडच्या केळीच्या बागेत ठिबकची नळी दगडाखाली दबली काय नि गाळाने तुंबली काय, पुढची झाडं सुकतातच. धागा असो वा गुठळी, पुढच्या स्नायूला रक्त मिळत नाही आणि तो मरतो. काही प्रयोगांत सरकगाठ मारून 30 ते 60 मिनिटांनी सोडतात. अँजिओप्लास्टीनंतर रक्त परत आलं की स्नायूचं काय होतं, ते त्यातून कळतं.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र मी मान्य करते: उंदीर म्हणजे माणूस नव्हे. गुठळी मुळात का झाली, हे धाग्याची गाठ सांगू शकत नाही. प्रयोगातला उंदीर बहुधा तरुण नि निरोगी असतो, आपला पेशंट साठीचा, डायबेटिसवाला. प्राण्यांत हृदयाचं नुकसान कमी करणारं सायक्लोस्पोरिन हे औषध 2015 च्या मोठ्या चाचणीत माणसांना उपयोगी पडलं नाही.

पण म्हणूनच तर उंदरावर जमलेलं औषध माणसांवर तपासल्याशिवाय चिठ्ठीवर येत नाही. अटॅकमधल्या अ‍ॅस्पिरिनचा फायदा 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 17,187 माणसांवर तपासला गेला. अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत पाच आठवड्यांतले हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांचे मृत्यू 23 टक्क्यांनी कमी झाले. स्टेंट असताना ही गोळी मनाने थांबवली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. मेसेज वाचून कुणी थांबवली असेल, तर आजच डॉक्टरांना फोन करा.