क्लेरिकच्या स्पेलवर अपयशाचा फासा? कशासाठी?

सध्या जोरात फिरणारा दावा असा: डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत क्लेरिकला, म्हणजे देवाकडून जादू मिळणाऱ्या पुजाऱ्याला, स्पेलची (मंत्रांची) अख्खी यादी फुकट, वर चिलखत आणि ढाल, अभ्यासाने जादू शिकणारा विझार्ड बिचारा मंत्रांच्या वहीला बांधलेला. म्हणून दैवी स्पेलला २० टक्के अपयशाचा फासा लावा, की तोल साधला. (खालचे आकडे २०१४च्या नियमांतले.)

पाचव्या लेव्हलला दोघांचे स्लॉट (दिवसभरात स्पेल टाकायच्या संधी) सारखेच: पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या लेव्हलचे ४-३-२. विझडम +४ असलेला क्लेरिक ९ स्पेल तयार ठेवतो आणि डोमेनचे (त्याच्या देवाच्या क्षेत्राचे) ६ वेगळे. इथे तो पुढे आहे, मान्य. पण विझार्डच्या वहीत न मागता १४ स्पेल असतात, त्यातले रिच्युअल (स्लॉट न खर्चता विधी म्हणून टाकता येणारे स्पेल) तो तयार न करताही १० मिनिटं जास्त घेऊन टाकतो, आणि शॉर्ट रेस्टनंतर (छोट्या विश्रांतीनंतर) दिवसातून एकदा एकूण ३ लेव्हलचे स्लॉट परत मिळवतो. वही १४वरच अडली असेल तर डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) आपली लूट तपासावी. तिसऱ्या लेव्हलचा स्पेल उतरवायला १५० सुवर्णमुद्रा आणि ६ तास लागतात. स्क्रोल नाही, शत्रूची वही नाही, उसंत नाही. मग वही वाढणार कशी?

चिलखताचा मुद्दा तर उलटाच. अपयशाचा टक्का तिसऱ्या आवृत्तीत होता, तोही आर्केन, म्हणजे विझार्डसारख्यांच्या, जादूला! ढालीची खरी किंमत हातांत मोजायची असते, आणि तीच बहुतेक टेबलांवर विसरतात. एका हातात गदा, दुसऱ्यात ढाल. ढालीवर देवचिन्ह असेल तर स्पिरिट गार्डियन्स हा स्पेल चालतो, कारण त्याला मटेरियल (वस्तूचा) घटक आहे; तो देवचिन्ह भागवतं आणि त्याच हाताने हातवारेही होतात. क्युअर वुंड्स या बरं करणाऱ्या स्पेलला तो नाही, पण तोंडी मंत्रासोबत हातवारे आहेत, आणि त्यांना मोकळा हात लागतो. म्हणजे गदा खाली ठेवा, नाहीतर वॉर कास्टर फीट (हात भरलेले असतानाही हातवारे करू देणारं खास कौशल्य) घ्या. हीलिंग वर्ड फक्त तोंडी, म्हणून सुटतो. पण तो बोनस ॲक्शनने (टर्नमधल्या जादा झटपट कृतीने) टाकला की त्याच टर्नमध्ये दुसरा स्पेल एक ॲक्शनचा कँट्रिपच (स्लॉट न लागणारा साधा स्पेल) हवा. हीलिंग वर्ड आणि स्पिरिट गार्डियन्स एकाच टर्नमध्ये चालवून घेतलेत, तर क्लेरिक भारी वाटणारच.

राहिला २० टक्क्यांचा फासा. दिवसाच्या ९ स्लॉटमधले सरासरी १.८ वाया. फायरबॉल फसला तर गॉब्लिन वाचतात. रिव्हिव्हिफाय फसला तर मेलेला फायटर मेलेलाच राहतो, कारण मेल्यापासून मुदत १ मिनिटाची. शिक्षा भलत्यालाच. लगाम हवाच असेल तर रिव्हिव्हिफायला लागणारा ३०० मुद्रांचा हिरा दर वेळी खरोखर खर्ची टाका, आणि दिवसाला एकच लढाई ठेवू नका. तशा दिवसात शॉर्ट रेस्ट होतच नाही आणि विझार्डचे ते ३ लेव्हलचे स्लॉट पडून राहतात.