ड्यूक ऑफ वेलिंग्टन ही पदवी असईची नाही, वॉटर्लूचीही नाही
असईत (महाराष्ट्रातलं गाव) मराठ्यांना हरवलं म्हणून ब्रिटिश सेनापती आर्थर वेलस्लीला ड्यूक ऑफ वेलिंग्टन केलं असा मेसेज फिरतोय, तो चुकीचा आहे. असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची. नदीच्या दोन काठांवर समोरासमोर गावं दिसली म्हणजे मधे उतार, म्हणजे पायी नदी ओलांडायची जागा, असणारच, हे ताडून वेलस्लीने फौज तिथूनच पार नेली, तरी शिंद्यांच्या तोफांनी त्याची दीड हजारांवर माणसं मेली-जखमी झाली, हे मेसेजवाले सांगतच नाहीत. या विजयाबद्दल १८०४ मध्ये मिळालं ते नाइटहूड (‘सर’ हा किताब), जे मुलाकडे जात नाही. वंशपरंपरेच्या पदव्या स्पेन-पोर्तुगालमध्ये फ्रेंचांशी झालेल्या युद्धामुळे चढत्या क्रमाने आल्या, १८०९ ला व्हायकाउंट, १८१२ मध्ये आधी अर्ल मग मार्क्वेस आणि मे १८१४ ला ड्यूक. नेपोलियनला हरवलं ती वॉटर्लूची लढाई जून १८१५ ची, तेव्हा तो ड्यूक होताच. प्लीज पुढे पाठवू नका.