नुसतं धूड नव्हे

तुमच्या लेखात १९५९च्या कॅडिलॅक या आलिशान अमेरिकी गाडीला ‘पेट्रोल पिणारं धूड’ म्हणून निकालात काढलंय, ते अजिबात पटलं नाही. पेट्रोल प्यायची, कबूल. पण जवळपास पावणेसहा मीटर लांबीची गाडी इतकी डौलदार दिसावी, ही काय साधी गोष्ट आहे? मागच्या बाजूचे ते शोभेचे उभे पंख १९४८ मध्ये पी-३८ या लढाऊ विमानावरून सुचले आणि ५९ मध्ये पार टोकाला गेले. प्रत्येक पंखात बंदुकीच्या गोळीसारखे दोन लाल दिवे! पुढची सीट सलग, तिघं ऐसपैस बसायचे. (कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात डॉज-प्लिमथ या अमेरिकी गाड्या जोडल्या जायच्या, त्यामुळे मुंबईकरांनाही हा थाट माहीत होता.) १९७३च्या तेलसंकटात पेट्रोल महागलं आणि हा सगळा थाट आटला. मायलेज वाढलं, चांगलंच झालं. पण असा दिलदारपणा आता एकाही नव्या गाडीत दिसत नाही, याचं खरंच वाईट वाटतं.